बदली वादक

उमाच्या पत्राला सहदेवने अठरा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच ओळ होती— 'लग्नालाही दुसऱ्यालाच पाठवाल का?'

ती भेटली होती चौक गावच्या एस.टी.त. बासष्टचा श्रावण, खिडकीतून तुषार... आणि माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घाटाचं वाद्य कवटाळून हा दारात उभा.

"हिचं तिकीट लागंल," कंडक्टर गुरकावला.

"लेडीज सीट रिकामी आहे, बसवा की तिला!" खालापूरच्या शाळेतल्या उमाबाई हसू दाबत म्हणाल्या. "नाव काय हिचं?"

"डबल बास. भिजली तर रुसते."

"आणि तुम्ही?"

"मी भिजतो, बाई... रुसत नाय."

तिने आपला पदर पुढे करून वाद्यावरचं पाणी टिपलं. त्याच्याकडे मात्र बघितलं नाही— दोनदा सोडून.

मग तो दर रविवारी मुंबईहून येऊ लागला. हॉटेलातल्या जॅझ बँडमध्ये बास, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार. कुणी अडलं की सहदेवला बोलावणं. त्या धंद्याची रीतच होती— आपल्याला जमत नसेल तर बदली वादक पाठवायचा, काम थांबता कामा नये.

पासष्टच्या मार्गशीर्षात उमाचे वडील दत्तोपंत भेटायला कसेबसे राजी झाले. नेमकं त्याच दिवशी मोठं रेकॉर्डिंग आलं. सहदेवने काय करावं? बँडमधल्या पोशाला पाठवून दिलं!

"सहदेव कामात हाय," पोशा ओटीवर ऐसपैस बसत म्हणाला. "काय इचारायचं ते मला इचारा."

दत्तोपंतांनी दार लावून घेतलं. आठवड्याने उमाचं पत्र आलं. सहदेव लाजेने इतका खचला की उत्तराचा कागद कोराच राहिला. पुढे जिथे जागा रिकामी तिथे तो वाजवत राहिला. त्र्याऐंशीत वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रं आली, बोलावणी थांबली. बोटं आखडली. तो चौकला बहिणीकडे, धोंडूबाईकडे परतला.

"उमाबाईंनी लगीन नाय केलं रं," धोंडूबाई एकदा वाढता वाढता म्हणाली. "आता डोळं चाल्लं त्यांचं. कागद शेजारीन वाचून दावते."

"कायच दिसत नाय?"

"मोठं अक्षर दिसतं म्हनं. तेबी दिवाळीपातूरच."

त्याचा घास हातातच राहिला.

शेजारणीच्या तोंडून तिने आपलं उत्तर ऐकावं, हे त्याला नको होतं. जाड काळ्या पेन्सिलीने, एका कागदावर एकच शब्द, असे त्याने सहा कागद लिहिले: 'चुकलो. उमा, मी स्वतः येऊ का?'

फुगलेलं पाकीट टपालपेटीच्या फटीत जाईना. त्याने तळव्याने दाबून ते चपटं केलं, आत लोटलं... आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिला.