दोन हातांवरची साक्षीदार

“केस हातची गेली, बाई,” सरकारी वकील फोनवर म्हणाले. “डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं जबाब दिलाय. प्रत्येक तपासणीला ती खोलीत हजर होती. एकदाही काही वावगं ऐकलं नाही म्हणते.”

इन्स्पेक्टर बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “आणि आपल्या तिघी तक्रारदार?”

“एक तर त्या खोटं बोलतायत, नाहीतर ही. उद्या सुनावणी आहे. तुम्हीच बघा.”

तिघींची एकमेकींशी ओळख नव्हती. तिघींची तक्रार एकच होती. तपासणीच्या नावाखाली, पडदा ओढून, डॉक्टरांनी अंगाशी नको ते केलं. आणि तेव्हा सिस्टर खोलीतच होती, हेही तिघींनी आपणहून सांगितलं होतं. खोटी तक्रार करणाऱ्या बायका स्वतःच्या विरोधातला साक्षीदार कशाला उभा करतील?

बाई आधी तिघींपैकी एकीकडे, शिक्षिकेकडे गेल्या. तिने शाळेत जाणं बंद केलं होतं.

“सासूबाईसुद्धा विचारतात,” ती म्हणाली. “नर्स होती ना गं तिथे? मग? उद्या डॉक्टर सुटले की शाळेत मला कोण उभं करेल?”

“सिस्टर होती, हे नक्की?”

“पडद्याखालून तिच्या चपला दिसत होत्या.”

“तुम्ही ओरडलात?”

“ओरडायची काय गरज? ती दोन हातांवर होती. मी हळूच ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली. मग परत एकदा मारली.”

“मग?”

“चपला हलल्या नाहीत.” शिक्षिकेने ओढणीचं टोक मुठीत धरलं. “तेव्हा कळलं, हीसुद्धा त्यातलीच. मग आवाजच फुटला नाही.”

डॉक्टर जामिनावर सुटले होते आणि दवाखाना सुरू होता. बाहेरची बाकं भरलेली होती.

“आमचे डॉक्टर देवमाणूस आहेत,” रिसेप्शनवरची मुलगी तावातावाने म्हणाली. “मोठ्या हॉस्पिटलनं सिस्टरना घरी बसवलं. यांनी बोलावून घेतलं. मान तर किती देतात! आमच्याशी मास्कमधूनच बोलतात. सिस्टरशी बोलताना मास्क खाली घेतात. ‘ताई’ म्हणतात.”

तपासणीच्या खोलीत सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहून बेसिनमध्ये हात धूत होत्या.

“सिस्टर, जरा बोलायचं होतं,” बाई दारातून म्हणाल्या.

सिस्टरनी मान वळवली नाही.

“केवढा हा तोरा,” बाईंसोबत आलेला हवालदार पुटपुटला. “आमची सासू परवडली. निदान वळून शिव्या तरी देते.”

बेसिनवरचा छोटा लाल दिवा लागला. सिस्टरनी लगबगीने हात पुसले, वळल्या आणि दचकल्या. “अगंबाई! तुम्ही कधी आलात?”

“हा दिवा कसला?”

“साहेबांना मी हवी असले की लागतो. पूर्वी घंटा होती. पेशंट दचकतात म्हणून साहेबांनी काढून टाकली.”

सिस्टर पलीकडे डॉक्टरांच्या खोलीत जाऊन आल्या. बाईंनी समोर उभं राहून विचारलं, “तुम्ही डॉक्टरांना वाचवताय का?”

“देवाशपथ नाही.” सिस्टर बाईंच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता बोलत होत्या. “तपासणी चालू असताना मी ही खुर्ची सोडत नाही. काही झालं असतं तर मला कळलं नसतं का?”

त्या खोटं बोलत नव्हत्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बाईंना तेवढं कळत होतं.

“तुम्ही बसा खुर्चीवर. मी त्या टेबलावर झोपून बघते.”

बाईंनी दार लावून घेतलं, पडदा ओढला आणि त्या आडव्या झाल्या. वर पांढरं छत होतं. पडद्याखाली चपला दिसत होत्या.

“सिस्टर,” त्यांनी हळूच हाक मारली.

मग जरा मोठ्याने. मग घसा ताणून.

दार धाडकन उघडून रिसेप्शनवरची मुलगी धावत आत आली. “काय झालं? कोण ओरडलं?”

चपला हलल्या नाहीत.

बाई उठल्या आणि त्यांनी पडदा सारला.

डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी सिस्टरना मुद्दाम आपल्या समोर उभं केलं.

“तिघी खरं बोलत होत्या, डॉक्टर. ताईही खरं बोलत होत्या. तेच मला जुळवता येत नव्हतं. ताईंना ऐकू येत नाही. त्या ओठ वाचतात. म्हणून तुमचा मास्क खाली यायचा. म्हणून घंटा गेली आणि दिवा आला.”

“एका गरजू बाईची नोकरी सांभाळली, हा गुन्हा झाला?” हनुवटीवरच्या मास्कशी चाळा करत डॉक्टर म्हणाले.

बाई सिस्टरकडे वळल्या. “ताई, कानाला मशीन का नाही लावलंत?”

सिस्टरचा चेहरा उतरला. एवढी वर्षं लपवलेली गोष्ट चारचौघांत उघडी पडली होती. “साहेबच नको म्हणाले. पेशंटचा विश्वास उडेल, कुणाला सांगू नका, मी आहे ना, म्हणाले.”

“बाकी सगळं दयेपोटी केलंत असं कोर्टात सांगता आलं असतं,” बाई डॉक्टरांना म्हणाल्या. “हे नाही सांगता येणार. इलाज करू नका म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. तुम्हाला खोलीत बाई हवी होती, लोकांना दाखवायला. हाक ऐकणारी मात्र नको होती.”

डॉक्टरांनी मास्क नाकावर ओढला. “या ठार बहिरीच्या शब्दावर मला आत टाकणार?”

सिस्टरना शब्द ऐकू आला नाही. पण मास्क वर जाताना त्यांनी पाहिला. त्यांच्यासमोर बोलताना तो आजवर कधी वर गेला नव्हता.

“काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.

हवालदाराने डॉक्टरांचा दंड धरला.

चौकीत सिस्टरनी नवा जबाब दिला. ‘मला ऐकू येत नाही’ हे वाक्य स्वतः सांगून लिहून घ्यायला लावलं. आता कुठलाही दवाखाना आपल्याला ठेवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सही करून उठल्या, तर दारात शिक्षिका उभी होती.

“ऐकू आलं असतं ना, तर पडदा फाडून आले असते गं,” सिस्टर म्हणाल्या.

शिक्षिकेने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हुंदके देत म्हणाली, “मीच मोठ्यानं हाक मारायला हवी होती.”

सिस्टरना फक्त तिची हलणारी पाठ दिसत होती. त्यांनी इन्स्पेक्टर बाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्याने ते वाक्य बोलवेना.

मग सिस्टर स्वतःच पुढे झाल्या. भिंत आणि शिक्षिका यांच्यामधल्या एवढ्याशा जागेत शिरल्या आणि त्यांनी तिची हनुवटी वर उचलली.

“पुन्हा सांग, बाळा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे बघून सांग.”