रिखाणीवरची तिसरी हाक

मे महिन्यातल्या दुपारी सोलापूरहून दुचाकीवर अक्कलकोटला जायचं म्हणजे तव्यावर बसल्यासारखंच. पण शिवराजपुढे माझं काय चालतंय? नवरोबांना रिखाणी चढायची होती, आणि हिमालयातल्या त्या आडरानातल्या डोंगराच्या खांद्यावरून उतरून आलेले ईश्वरप्पा काका अक्कलकोटात राहत होते. त्यांना वाट विचारून यायची, एवढंच काम. मी मागे बसले ती काकांनी तरी याला घाबरवावं म्हणून. माझं तो ऐकत नव्हता.

घर दगडी, गार. काकांनी दार लावून घेतलं आणि चटईवर बोटाने डोंगर काढला.

"उत्तरंला हिमनदी हाय, तिकडनं वाट न्हाय. दक्षिणंची धार धरायची. शेवटचं गाव सुटलं की कैक दिस माणूस दिसत न्हाय." बोट मध्येच थांबलं. "इंग्रज मोजणीवाले खिंडीतनं माघारी फिरले. मग बंगाली पोरं खांद्यापतोर गेली. दर खेपंला दोरावरला शेवटचा गडी तितंच राहिला."

"अपघात होतातच काका," शिवराज म्हणाला.

"आमीबी असंच म्हणत हुतो की."

काकांच्या दोरावर मागे त्यांचा मावसभाऊ प्रभु होता. डोंगराच्या खांद्याखाली धुकं दाटलं. स्वतःचा हात दिसेना, आणि खालून हाक आली.

"'ईश्वरा...' अशी. आवाज प्रभुचाच. पर अव्वानं, आमच्या आईनं, लहानपनी शिकिवल्यालं, रानात पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाय. तिसरीला द्यायची. भुताला तिसरी हाक मारता येत न्हाय म्हनं." काकांनी तोंडावरून हात फिरवला. "दुसरी आली. रडवेली. मी गप. त्यो खाली लोंबकळत हुता, मला काय ठावं..."

"आणि तिसरी?" मी विचारलं.

"आली की. तिला मी ओ दिली." त्यांनी बोट छताकडे केलं. "पर ती वरनं आली, पोरी. शिखराकडनं. प्रभुच्याच आवाजात... मग दोर हलका झाला."

शिवराजचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "नाही जात मी." देव पावला, असं मला झालं.

इतक्यात बाहेरून हाक आली.

"शिवराज..."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. बाईचा आवाज. भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुन्हा तीच हाक, दाराच्या अगदी जवळून. तो आवाज माझा होता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शिवराज माझ्याकडे पाठ करून दाराकडे बघत होता.

"शिवराज!"

ही हाक छतावरून आली. मी घरी मारते तशीच, वैतागलेली.

"ओ," तो म्हणाला. निव्वळ सवयीने.

काकांनी मान खाली घातली. आम्ही निघालो तरी त्यांनी मान वर केली नाही.

तिकीट रद्द केलं, सगळं सामान विकून टाकलं. शिवराज कामावर जातो, जेवतो, हसतो. मी सुटले, असंच समजत होते.

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते, ओठ मिटून. बाहेरच्या खोलीतून तो म्हणाला, "ओ... आलो."

दार उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर जड पावलं वाजली, सावकाश वर चढत गेली. जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे, वर नुसती गच्ची. मी धावत जाऊन पाहिलं, जिन्यात कोणी नव्हतं, गच्चीच्या दाराला अलीकडून कुलूप होतं.

पावलं अजून चढतायत.