मोटरमधले केस

यात मध्यरात्र नाही. पडका बंगला नाही, लांबून रडणारी कुत्री नाहीत. असती तर बरं झालं असतं, निदान सांगताना तरी जरा शोभलं असतं.

रविवार होता. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन, आणि मी आमच्याच स्वयंपाकघरात ओट्यासमोर उभा होतो.

जे झालं ते माझ्या हातून झालं, त्यामुळे यात तिखटमीठ लावून मला काहीच मिळायचं नाही. उलट हे बायकोच्या वाचनात आलं, तर माझी पंचाईत आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी वाइंडर. जळालेल्या मोटरमधली जुनी तार काढायची आणि नवी भरायची, हे माझं काम. पंखे, पंप, मिक्सर. सत्तावीस वर्षं झाली. वर्कशॉपमध्ये मला सगळे 'नाक्या' म्हणतात, कारण मी मीटर नंतर लावतो. आधी मोटरच्या तोंडाशी नाक नेतो आणि एक खोल श्वास घेतो. वार्निश जळलंय, पाणी शिरलंय की ग्रीस आटलंय, तिथल्या तिथे सांगून टाकतो. ज्यांच्या हाताखाली काम शिकलो, त्या वस्तादांनी लावलेली सवय आहे.

मेली ती सवय!

बायको लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी सहाला निघते. उपाशीपोटी बसलेली म्हातारी माणसं तिची वाट बघत असतात. तिची सगळी भिस्त त्या इलेक्ट्रिक बाईकवर. आणि शनिवारी बाईक रस्त्यातच मेली.

वॉरंटी संपून अकरा दिवस झाले होते. अकरा!

सर्व्हिस सेंटरवाला मान खाजवत म्हणाला, "मोटर सील्ड आहे, उघडत नाही. अख्खी बदलावी लागेल. दीड महिना धरून चाला."

दीड महिना कुठला धरायचा? लॅबच्या मॅडमनी आधीच दम दिला होता, अजून एक खाडा झाला तर तुमचा एरिया दुसरीला देऊ. पाच वर्षं उन्हातान्हात खपून तिने तो एरिया बांधला होता. घरी येऊन ती पर्स टाकून नुसती बसून राहिली. मला ते बघवेना.

"अगं, उघडत नाही म्हणजे काय? माणसाने बंद केलीय ना? मग माणूस उघडेल. मी भरतो मोटर."

"अहो, जमेल का? खरं सांगा."

"पाण्याचे पंप भरतो मी. हे तर खेळणं आहे."

"पंपावर कोणी बसत नाही," ती म्हणाली. पण जरा हसली.

सोमवारी सकाळी गाडी दारात उभी करतो, असं मी छातीठोकपणे सांगून बसलो.

रविवारी सकाळी ती तिच्या बहिणीकडे गेली. मी चाक काढून आणलं. या गाड्यांची मोटर मागच्या चाकाच्या पोटातच असते. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि स्क्रू खोलायला घेतले. प्रत्येक स्क्रूवर कारखान्याचा पांढरा रंग होता. एकाचाही रंग तडकलेला नव्हता. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून ही मोटर कोणी उघडलेली नव्हती.

झाकण सुटलं.

चप्... असा आवाज आला. चिकट काहीतरी सुटल्यासारखा.

मी नाक आत घातलं. नेहमीसारखा खोल श्वास घेतला...

शी!

जळाल्याचा वास नव्हता. ग्रीसचा नव्हता. तो डोक्याचा वास होता. महिनोन् महिने न धुतलेल्या, घामाने आणि तेलाने थबथबलेल्या डोक्याचा. आंबट. कोमट. तो माझ्या घशापर्यंत गेला आणि जिभेवर त्याचा साय धरल्यासारखा थर बसला. मी सिंकमध्ये चार वेळा थुंकलो. थर जाईना.

मग टॉर्चच्या उजेडात नीट पाहिलं. तांब्याच्या तारेच्या फेऱ्यांमध्ये काळं काहीतरी दिसत होतं. जळकी तार असेल म्हणून चिमट्यात धरून ओढली.

ती ताणली गेली.

केस होता. हातभर लांब. टोकाला पांढरा, ओलसर कंद... मुळासकट उपटलेल्या केसाला असतो तसा.

आता केस अडकणं काही नवीन नाही. चाकात, मिक्सरच्या दांड्यात केस गुंडाळलेले मी हजारदा कापून काढले आहेत. पण हा केस वार्निशच्या खाली होता. एक फेरा तारेचा, एक फेरा केसाचा. परत तारेचा, परत केसाचा. म्हणजे कोणीतरी मोटर भरतानाच तो भरला होता. आणि हात इतका सफाईदार, की खरं सांगतो, मला क्षणभर हेवा वाटला.

मी वस्तादांना फोन लावला. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. ऐकू कमी येतं, म्हणून फोन सूनबाई धरतात.

"वास कसला?" वस्तादांनी पहिलं हेच विचारलं.

"डोक्याचा येतोय, वस्ताद."

"कुणाच्या?"

"आता कुणाच्या ते मी कसं सांगू?"

पलीकडून नुसता त्यांचा श्वास ऐकू आला...

मग म्हणाले, "सगळी सोल. जुन्याची एक तारसुद्धा आत ठेवू नकोस. आणि घरात करू नकोस."

फोन सूनबाईंनी घेतला. "काका, काय विचारलंत तुम्ही त्यांना? ते उठून सारखे हात धुतायत."

तिथेच थांबायला हवं होतं. पण सोमवार डोक्यावर बसला होता.

मोटरमध्ये तारेचे तीन संच असतात, पिवळा, निळा आणि हिरवा. पिवळा आणि निळा मी सोलून काढला. केसांनी एक पिशवी भरली. लहान उशी होईल एवढे केस. ते बोटांना चिकटत होते आणि मुळं ओली होती. मी दर पाच मिनिटांनी साबणाने हात धूत होतो आणि दर वेळी वास घेऊन परत धूत होतो. तरी नेटाने दोन्ही संच नव्या तारेने भरले.

आणि तार संपली.

रविवार. दुकानं बंद. वर्कशॉपची किल्ली मालकाकडे आणि मालक गावाला. हिरव्या संचाला मीटर लावला, तर मीटर म्हणतोय हा ठणठणीत आहे.

मग मी ते केलं. दुसऱ्या कुठल्या वाइंडरने केलं असतं, तर भर वर्कशॉपमध्ये मी त्याची अब्रू काढली असती. हिरवा संच मी सोललाच नाही. वर आलेले केस नखांच्या कात्रीने कापले, आतले आत ठेवले आणि वरून वार्निश ओतलं.

वार्निश ओलं चालत नाही. ते भट्टीत भाजावं लागतं. आणि घरात भट्टी कुठली?

बायकोचा केकचा ओव्हन होता.

शी म्हणा. मीही म्हणतो. पण ठेवली मोटर आत, खाली ट्रे ठेवला आणि काटा एकशे तीसवर आणला.

अडीच वाजले असतील. मी समोर उभा होतो.

आधी वार्निशचा झोंबरा वास आला. ओळखीचा. मग केस जळाल्याचा. तोही अपेक्षित होता. मी खिडकी सताड उघडली.

मग... तड. तड. तड.

कढईत चरबी उडते तसा आवाज येऊ लागला. आणि वास बदलला. मांस भाजल्याचा वास. खमंग.

तुम्हाला सांगायची लाज वाटते, पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं. कशामुळे सुटलंय हे कळलं, तेव्हा मी तोंडावर फडका दाबून धरला. तरी लाळ येतच होती. मी ती गिळली. आजही आठवलं की जीभ खरवडून काढावीशी वाटते.

त्याच वेळी लक्षात आलं... शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येत नव्हता. गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं गप्प होती. फ्रीजची घरघरही बंद होती. खिडकी उघडी, बाहेर ऊन, आणि आवाज म्हणून काही नाही. ओव्हनची तडतडसुद्धा थांबली होती.

आणि ओव्हनच्या आतून कोणीतरी श्वास घेतला.

सोडला नाही. घेतला. नाकाने. लांब, खोल, सावकाश... मी मोटरचा घेतो, तसा.

माझा वास घेत होतं ते.

मी किती वेळ तिथे उभा होतो ते आठवत नाही. फ्रीज परत घरघरला तेव्हा भानावर आलो आणि ओव्हन बंद केला. ट्रेमध्ये पिवळट पाणी साठलं होतं. गार झाल्यावर ते पांढरं, घट्ट झालं. वार्निश असं होत नाही. ट्रे मी तसाच कचऱ्यात टाकला आणि केसांची पिशवी चार गल्ल्या सोडून कचराकुंडीत फेकून आलो.

संध्याकाळी मोटर बसवली. चाक असं फिरलं, की कंपनीतून आल्यावरही तसं कधी फिरलं नव्हतं. आवाज नाही, थरथर नाही.

बायको आली. दारातच थांबून म्हणाली, "अहो, कसला छान वास येतोय!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ती गाडीवरून एक चक्कर मारून आली, इतकी खुशीत होती... "मानलं तुम्हाला," म्हणाली. माझं तोंड उघडलं नाही.

सोमवारी सहाला ती निघाली. खाडा झाला नाही. एरिया तिचाच राहिला.

गुरुवारी मला हेल्मेटला वास आला. तोच. आंबट, कोमट. मी हेल्मेट साबणाने घासून उन्हात ठेवलं. शनिवारी तिच्या ओढणीला आला. पुढच्या आठवड्यात उशीला.

मी अभ्रे बदलले. गादी उन्हात टाकली. ती चेष्टा करत होती, "काय हो, एकदम घरकामाची आवड लागली?"

एक सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली, तेव्हा औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. नंतर आले ते विरळच. ती कायम रुमाल बांधायची. आणि आता... केस वाढत होते. दाट, काळेभोर. महिनाभरात खांद्याच्या खाली आले. लॅबमधल्या बायका विचारायला लागल्या, कुठलं तेल लावतेस गं? ती आरशासमोरून हलेना. इतकी आनंदी मी तिला आजारपणानंतर पाहिलीच नव्हती.

ती रोज केस धुते. चांगला शाम्पू लावते. तरी जवळ आली की तो वास येतो. तिला येत नाही. शेजाऱ्यांना येत नाही. फक्त मला येतो.

परवाच्या रविवारी मी नवी तार आणून ठेवली आणि "ब्रेक बघतो" म्हणून चाक काढलं. या वेळी अंगणात. हिरवा संच मुळापासून सोलायचाच, असं ठरवलं होतं. झाकण उघडलं. श्वास रोखून धरला होता, पण किती वेळ रोखणार? शेवटी घेतला.

काहीच वास नव्हता. स्वच्छ, कोरडं वार्निश.

हिरव्या संचात नुसतं तांबं होतं. चकचकीत. फेऱ्याला फेरा चिकटलेला, मध्ये केसभरही फट नाही. मी भिंग लावून पाहिलं. एकसुद्धा केस नव्हता.

"सापडलं का?" मागून आवाज आला.

ती दारात उभी होती. नुकतीच न्हायलेली, केस पुढे घेऊन पुसत होती. पाणी फरशीवर टपटपत होतं.

"काय सापडायचंय?" मी विचारलं.

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि खांद्यावर डोकं टेकलं. ओलं डोकं. केस माझ्या गालाला लागले... माझ्या ओठांना लागले. मी तोंड फिरवलं. मुद्दाम नाही, आपोआप मान वळली.

तिने डोकं उचललं आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"टक्कल पडलं होतं मला," ती म्हणाली. "उलट्या होत होत्या अंगावर. तेव्हा तुम्ही कधी तोंड फिरवलं नाहीत. आता का फिरवता?"

"कुठे काय?"

"रोज फिरवता. मला दिसत नाही का? तोंडाने श्वास घेता माझ्याजवळ बसलात की." तिचे डोळे भरून आले होते. "खरं सांगा. किळस येते का माझी?"

या बाईवर माझा जीव आहे. हे मी कोणाला पटवायला लिहीत नाही, आहे म्हणून लिहितो. मी तिचा हात धरला, तिच्याकडे तोंड केलं, नाकाने नीट श्वास घेतला आणि म्हणालो, "वेडी आहेस का? नाही येत."

मग उठलो. बेसिनपर्यंत पोचायचं होतं मला.

मी नाही पोचलो. तिच्यासमोरच ओकलो.