बिनड्रायव्हरचा मोडेम

मे महिन्यातली दुपार, साल दोन हजार पाच. रुआबांध्यातल्या, पोलाद प्लांटच्या क्वार्टरमध्ये कूलर घरघरत होता, खिडकीवर ओलं पोतं टांगलेलं होतं, आणि त्या दमट अंधारात प्रफुल पेचकसानं स्क्रू काढून कॉम्प्युटरचं झाकण उघडून, फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं मोडेमचं कार्ड पुन्हा खाचेत बसवत होता. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यावर त्यानं मशीनमधून विंडोज पुसून लिनक्स टाकलं होतं. फुकटचं, कोणाच्या बापाचं नसलेलं. पण त्या दिवसापासून इंटरनेट बंद.

कारण कार्ड म्हणजे नुसतं सोंग. तार खुपसायला भोक, लाइन जोडतोड करणारा एक रिले, एक बझर, झालं. डोकं त्यात नाहीच. नंबर कसा फिरवायचा, समोरचं कसं ऐकायचं, हे सगळं कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम त्याला सांगणार. आणि बनवणाऱ्यांनी तो लिहिला फक्त विंडोजसाठी. ड्रायव्हर नाही तर कार्ड मुकं. घरातल्या मोठ्यांसारखंच, असं प्रफुलला वाटायचं. ऐट सगळी, डोकं दुसऱ्याचं.

रात्रपाळी करून झोपलेला त्याचा बाप, धोंडबा, बनियनवरच दारात आला.

"झोपू दे नं बे. कावून खुडखुड करून राहिला?"

"झोपा नं तुमी. मी काय भजन लावलं का?"

"लोकाईचे पोरं प्लांटात लागले. अन् आमचं हे, पेचकस घेऊन बसलं."

"लोकाईचे बाप फोनले कुलूप नाही लावत."

धोंडबानं कूलरकडे तोंड फिरवलं. नऊ वर्षं हे वाक्य पडलं की तो तोंडच फिरवायचा, आणि त्याचाच प्रफुलला जास्त राग यायचा.

नऊ वर्षांपूर्वी घरात काळा, डायलवाला फोन होता. डायलच्या भोकात बोटाएवढं कुलूप, किल्ली धोंडबाच्या करदोड्याला. बायको माहेरी बोलत बसते म्हणून. आठवीतल्या प्रफुलनं आईला, वच्छलाला, एक युक्ती शिकवली होती: डायल बंद असला तरी रिसीव्हर ठेवायचा हुक बोटानं टिकटिक दाबायचा, चारसाठी चारदा, सातासाठी सातदा, नंबर लागतो. पुढच्याच आठवड्यात ती भरदुपारी कोसळली. शेजारणीला सापडली तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं, रिसीव्हर लोंबकळत. तासभर आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. धोंडबा म्हणाला, पडली तशीच गेली, हात लागून रिसीव्हर खाली आला. तिनं तुमाले फोन केला होता का, एवढं एकच प्रफुल विचारत आला होता. उत्तर ठरलेलं. "नाही."

कोणीतरी लिनक्ससाठी जुळवलेला, सायबर कॅफेतून सीडीवर आणलेला ड्रायव्हर त्यानं चढवून पाहिला. पडद्यावर एरर. पुन्हा चढवला, पुन्हा एरर. चालू प्रोग्रामांची यादी काढली, मोडेमचं नावसुद्धा नाही. त्यानं एक कचकचीत शिवी हासडली.

टिक.

त्यानं खाली वाकून पाहिलं. कार्डावरचा रिले.

टिक... टिक... टिक. मग जरा थांबून पुन्हा. मशीन सेकंदात दहा ठोके मारतं. हे तसं नव्हतं. दाबताना बोट घसरावं, दम लागावा, पुन्हा जुळवून दाबावं, तसं. प्रफुल नकळत मोजू लागला. चार. सात. दोन...

"बंद कर," धोंडबा दारातून म्हणाला.

"ड्रायवरच नाही त्याच्यात. काय बंद करू?"

"बंद कर म्हनलं नं!"

एक. सहा. आणि बझरमधून रिंग जाऊ लागली.

"चार सात दोन एक सहा," प्रफुल हळूच म्हणाला. "प्लांटातलं कोक ओव्हन. तुमच्या टेबलावरचा फोन..."

धोंडबानं झेप घेऊन भिंतीतली तार उपटली. तार त्याच्या हातात लोंबत राहिली, आणि रिंग वाजतच राहिली. मग ती थांबली. घशात काहीतरी अडकल्यासारखा बाईचा आवाज आला. "अ... अवं..."

आणि मग धोंडबाचा आवाज. नऊ वर्षांपूर्वीचा, तरुण, खणखणीत. समोर उभ्या धोंडबाचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"वच्छला? कुलूप हाय तरी फोन लावला कसा तू? अन् हे काय नाटक लावलं? थांब, घरी येतो, मंग पाहतो तुले."

खट्.

धोंडबा भिंतीला टेकून खाली बसला. "मले वाटलं... नाटकंच करून राहिली..."

"नऊ वर्षं!" प्रफुल ओरडला. "नऊ वर्षं माह्या तोंडावर खोटं बोलले तुमी! किल्ली कमरेले बांधून मयतीत रडले! अन् मले शिकवता, माणूस हो म्हणून?"

बाप मान वर करेना. प्रफुलला हवं होतं ते मिळालं होतं. छातीत आग होती, आणि खरं सांगायचं तर ती गोडही लागत होती.

टिक.

पुन्हा. पण नंबर वेगळा. दोन. आणखी कोणाला केला होता तिनं? मामाला? काकाला? एकेकाला धरतो, म्हणून तो कान देऊन बोटावर मोजू लागला. आठ. पाच. तिसऱ्या आकड्याला त्याचं बोट हवेतच थांबलं. तीन. तीन. हा नंबर शाळेच्या डायरीवर छापलेला असायचा.

आई कोसळली त्या दुपारी शिपाई वर्गाच्या दारात आला होता. "प्रफुल, तेरे घर से फोन है. कोई बोल नहीं रहा, सिर्फ हूं-हूं, बीच में तेरा नाम." पोरं हसली होती. तोही हसला होता. आई हुकाची प्रॅक्टिस करून राहिली, असं वाटलं होतं त्याला. "रख दो काका," म्हणाला होता.

हे त्यानं कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"हा कोणाचा नंबर होय रे?" खाली बसलेल्या धोंडबानं विचारलं.

"मले काय माहीत," प्रफुल म्हणाला.

उपटलेली तार दोघांच्या मधे फरशीवर पडली होती. रिंग जात राहिली. एकदा, दोनदा. मग तिकडे कोणीतरी फोन उचलून टेबलावर ठेवला, आणि चपला फरफटत कोणीतरी लांबच्या लांब व्हरांड्यातून कोणाला तरी बोलवायला निघालं.