लिंपलेला कम्प्युटर

रिनाची स्कुटी त्या दिवशी तळ्याच्या वळणावर जराशी जरी जोरात असती ना, तर ही गोष्ट दवाखान्यातच सुरू झाली असती! कारण समोरून धम्मदीप धावत येत होता. पायात चप्पल नाही, केसांत धानाचा कोंडा, आणि दोन्ही हात वर… जणू एसटीच अडवतोय.

तिने कचकन ब्रेक दाबला.

"मराचं आहे का बे?"

"तुह्याकडेच येऊन राह्यलो होतो. चिमूरले. दुकानात."

"सात किलोमीटर? बिना चपलेनं?"

त्याने खाली पाहिलं. चप्पल नाही, हे त्याला आत्ताच कळलं होतं! "अवो, कम्प्युटर बंद पडून राह्यला! चालू होते, दहा मिनिटं चालते, अन् फट्टकन बंद. मले पाच वाजेपर्यंत फाईल पाठवाची आहे, रिना."

"कोणती फाईल?"

"पुण्याची…"

बस, एवढंच. पण रिनाला लगेच कळलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

कारण धम्मदीपचं खूळ सगळ्या गावाला ठाऊक होतं. दहावीपर्यंत हा मुलगा तिच्या मागच्या बाकावर बसला, तेव्हापासून त्याचे कान भलतीकडेच. आता दोन वर्षं खिशात छोटं रेकॉर्डर घेऊन फिरायचा आणि आवाज गोळा करायचा. मोहफूल पडण्याचा आवाज! बैलबंडीच्या चाकाचा आवाज! लोक हसायचे. पण पुण्याच्या एका संस्थेत आवाजाचंच शिक्षण देतात, वर्षभराचं, साऱ्या राज्यातून फक्त बारा जण घेतात. हा शेवटच्या फेरीत पोचला होता. आता आपल्या गावाचा सात मिनिटांचा 'आवाज' तयार करून पाठवायचा. शेवटची मुदत आज, पाच वाजता.

आणि रिना? चिमूरच्या बसस्टँडजवळच्या मोबाईल-कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पेचकस धरणारी ती एकटीच मुलगी. गिऱ्हाईक आधी विचारायचं, "भाऊ कुठी आहे?" आणि मग गुमान तिच्याच हातात वस्तू द्यायचं. आज ती जेवायला घरी निघाली होती. जेवण तसंच राहिलं, हत्यारांची पिशवी मात्र सोबत होती.

"बस मागं," ती म्हणाली.

तो बसला. मध्ये एक वीत अंतर ठेवून. त्या वीतभर अंतराचा तिला रस्ताभर राग येत राहिला.

अंगणात नव्या धानाची पोती रचलेली, थंडीचं कोवळं ऊन, आणि अंजनाबाई — म्हणजे त्याची आई — सुपात तांदूळ पाखडत बसलेली.

"आली का माय डॉक्टरीण! पेशंट लय शिरेस आहे वो."

पेशंट आतल्या खोलीत, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. अंगावर निळी झालर लावलेलं कापड. जुनाच घेतलेला, पण अंजनाबाई त्याला जावयासारखी जपायची. धम्मदीपचे सगळे आवाज जोडायचं सॉफ्टवेअर याच एका मशीनमध्ये होतं. सात मिनिटं जोडून तयार होती, फक्त त्याची एक सलग फाईल बनवायची बाकी होती, आणि तेवढ्याला मशीन पंधरा मिनिटं घ्यायचं. अर्ध्यात बंद पडलं, की पुन्हा पहिल्यापासून!

घड्याळात अडीच.

रिनाने झाकण उघडलं. रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, परत बसवली. वायरी हलवून पाहिल्या. धम्मदीप मोबाईलचा टॉर्च धरून वाकलेला, त्याचा श्वास तिच्या कानाशी.

"जरा दूर हो. उजेड माह्या डोळ्यात येऊन राह्यला."

"उजेड तं खाली आहे."

"मंग तू डोळ्यात येऊन राह्यला!"

तो हसला. ती नाही हसली. म्हणजे, खाली मान घालून हसली.

चालू केलं. तो मिनिटं मोजत होता. नऊ… आणि फट्ट. पुन्हा. सात, फट्ट. पुन्हा. पाच!

"दरवेळी लवकर मरते हे," धम्मदीप म्हणाला. "रिना, होईन ना?"

"गरम होऊन राह्यलं कुठंतरी. पाहू दे."

तिने वीज पुरवणाऱ्या डब्यावर हात ठेवला. चटका बसला! याचा पंखा मागून हवा टाकतो, मग हवा जाते कुठे? कॅबिनेट न सरकवता तिने भिंतीच्या फटीतून हात मागे घातला. जिथे जाळी लागायला हवी, तिथे बोटांना भिंत लागली. खरबरीत, सुकलेली. तिने बोटं बाहेर काढली. नखांत माती होती. आणि धानाचा कोंडा.

एका क्षणात सगळं कळलं. धान घरात आलं की उंदीर येतात, आणि उंदीर आले की घरातलं प्रत्येक भोक शेणामातीने बुजवायचं. अंजनाबाईने भिंतीची भोकं बुजवली, कणगीखालची बुजवली… आणि ही पण!

घड्याळात तीन वाजून एक्केचाळीस.

रिनाने तोंड उघडलं. आणि… मिटलं.

अर्धा तास खरवडलं, की झालं. फाईल जाईल. हा पण जाईल. तळ्याच्या वळणावर पुन्हा कोणी हात वर करून आडवं येणार नाही. आणि मी काहीच केलं नाही, तर? मी तर काही बिघडवलं नाही ना? फक्त… सापडलं नाही, असं म्हणायचं. दुकानात किती मशीनी सापडत नाहीत.

"काही दिसलं?" त्याने विचारलं.

"पाहून राह्यली."

"पाह्य, पाह्य. तू आहेस ना, मले टेन्शन नाई."

असं नको ना बोलू, तिला वाटलं. शिवी दे, पण असं नको बोलू. तिने बोटं ओढणीला पुसली आणि ठीकठाक असलेली रॅम परत काढली, परत घासली. खोडरबराचे काळे कण मांडीवर पडत राहिले. घड्याळाचा काटा एवढ्या जोरात वाजतो, हे तिला कधीच माहीत नव्हतं.

तीन पन्नास. तीन चोपन्न.

"एक काम करू," धम्मदीप म्हणाला. आता तो शांत झाला होता, हरल्यावर माणूस होतो तसा. "नाई जमलं तं नाई. निदान तुले तं दाखवतो काय बनवलं ते. चार मिनिटं तं चालन."

त्याने चालू केलं. पडद्यावर यादी उघडली, सगळ्या आवाजांची नावं, एकाखाली एक.

मोह पडताना, पहाट. आई पाखडते. बंडीचं चाक, सुकं. बंडीचं चाक, चिखलात.

आणि मग —

रिना, वळणावर ब्रेक. रिना हसते, दुकानात. रिना चिडते १. रिना चिडते २. रिना चिडते ३…

रिनाच्या कानशिलात गरम झालं. "हे… हे काय आहे?"

"ते…" तो उंदरावरच बोट फिरवत बसला, म्हणजे माऊसवर. "तुह्या गावाचा आवाज पाठव म्हणे. आता तुह्याशिवाय गाव कसं होईन? मोहाच्या बाद लगेच तू हसते, मंग बंडी… मस्त बसलं आहे. तुले विचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं…"

फट्ट. पडदा काळा झाला. काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसले, शेजारी शेजारी.

"धम्मदीप," ती म्हणाली. "मले माहीत आहे काय झालं ते. मागून बुजवलं आहे. मातीनं. हवाच नाई जात."

"मंग सांग ना! चाल काढू —"

"मले तीन एक्केचाळीसलेच समजलं होतं."

तो थांबला. घड्याळाकडे पाहिलं. तीन अठ्ठावन्न.

"सतरा मिनिटं?" त्याने हळूच विचारलं. "सतरा मिनिटं तू… मुद्दाम?"

तिने मान डोलावली.

"काऊन, रिना?"

"कारण तू चालला जाशीन म्हणून! अजून काऊन!"

बाहेर सुपाचा आवाज बंद झाला. धम्मदीपचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. तो उठला. रिनाला वाटलं, आता हा मला जा म्हणणार. म्हणू दे. खरंच आहे.

तो कोपऱ्यात गेला. कॅबिनेट दोन्ही हातांनी भिंतीपासून ओढलं आणि तिच्यासमोर आणून ठेवलं.

"भांडू नंतर," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता. "पेचकस घे."

आणि मग जे सुरू झालं ना! रिना टोकाने माती उकरतेय, तो तिनेच आणलेल्या ब्रशने कोंडा झाडतोय, ढेकळं टपटप जमिनीवर. अंजनाबाई दारात आली आणि तिने कपाळावर हात मारला.

"अवो माय! मीच तं लिंपलं ते! उंदीर शिरताना मी सोता पाह्यला, या डोळ्यानं. म्हटलं पोराची मेहनत कुरतडन…"

"मावशी, ते त्याचं नाक होतं," रिना म्हणाली. "तुम्ही नाकात बोळा घातला."

"मंग मले आधी सांगाचं ना कोणी, की याले नाक असते!"

धम्मदीप हसला नाही. तेच रिनाला सगळ्यात जास्त टोचलं.

चार वाजून चोवीस मिनिटांनी पंखा मोकळा झाला. फुंकर मारली तर फिरला! पण डबा अजून तापलेला, आणि थांबायला वेळ नाही. बटण दाबलं, फाईल बनायला सुरुवात केली, आणि पंख्याच्या आवाजाला अचानक दुसरा आवाज येऊन मिळाला. अंजनाबाई सूप घेऊन आली होती. कम्प्युटरच्या पाठीशी मांडी घालून बसली आणि धान वारवावं तशी वारा घालायला लागली.

"चालू दे बापू. मी नाई थांबत."

पाच मिनिटं. नऊ. दहा… अकरा… धम्मदीपची मूठ आवळलेली. रिनाने आपला हात त्या मुठीवर ठेवायला नेला आणि अर्ध्यातून मागे घेतला. चौदा… आणि पडद्यावर हिरवी रेघ पूर्ण झाली!

चार बेचाळीस. आता पाठवायचं. नेट मोबाईलचं, आणि घरात रेंजची एकच काडी, तीही ये-जा करणारी. रिना धावली, अंगणातल्या पोत्यांच्या थप्पीवर चढली आणि मोबाईल धरलेला हात आकाशाकडे केला.

"आली! दोन काड्या! पाठव!"

"पाठवलं! हलू नको!"

हात भरून आला. ती पायाच्या बोटांवर उभी. पोतं सरकलं, ती डगमगली… आणि कोणीतरी तिचा घोटा घट्ट धरला. धम्मदीप. तो धावत बाहेर आला होता; खिडकीतून पडद्यावर नजर, हात मात्र तिच्या पायाशी.

"सत्तर टक्के," तो म्हणाला. "पंच्याऐंशी… अडकलं. अडकलं, रिना!"

तिने हात आणखी वर केला. खांदा निखळेल इतका वर.

"नव्वद. अठ्ठ्याण्णव…"

चार छप्पन्नला पुण्याहून आपोआप येणारं उत्तर आलं: तुमची फाईल मिळाली.

अंजनाबाईने सूप खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. रिना पोत्यांवरून उतरली, पेचकस पिशवीत टाकला आणि गुपचूप स्कुटीकडे निघाली. चावी फिरवणार, तेवढ्यात तो समोर येऊन उभा. तसाच, बिना चपलेचा.

"मी तुले माफ नाई केलं," तो म्हणाला.

"बरं."

"सतरा मिनिटं गप्प राह्यली तू. आता रोज सतरा मिनिटं बोलाव लागन. मी पुण्याले राह्यलो तं फोनवर. निवडच नाई झाली तं इथी, या वळणावर. एकही मिनिट कमी नाई."

रिनाला हसू आलं आणि रडूही, आणि कोणतं आधी येऊ द्यावं तेच कळेना. "अन् सतरा झाल्यावर?"

"मंग… मोजणं मी विसरून जाईन." त्याने खिशातून रेकॉर्डर काढलं. लाल दिवा लागला. "आता सांग. काऊन गप्प होती?"

"सांगितलं ना आतमध्ये!"

"तेव्हा हे चालू नव्हतं."

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग त्या छोट्याशा जाळीवर वाकली, इतकी की केस त्याच्या मनगटाला लागले.

"कारण तू मले आवडतो, बे," ती म्हणाली. "लय. आता जा पुण्याले."

त्याने रेकॉर्डर तिच्यापुढे तसंच धरून ठेवलं, जणू अजून काही यायचं बाकी होतं!

तेवढ्यात आतून अंजनाबाईची हाक आली, "पोरी! तुमचं झालं असन तं सांग वो… त्या नाकाले आता काय लावू? उंदीर तं घरातच आहे अजून!"

"बारीक जाळी बसवू, मावशी!" रिना ओरडली. "उद्या येते मी!"

लाल दिवा चालूच होता. त्याने हे पण घेतलं.