तीन चोर आणि एक नळी

"नळी नाही!"

मयुरीच्या एका आरोळीने मामांच्या घरातली दुपारची झोप खाडकन उडाली. तिचा धाकटा भाऊ तेजस पळत ओसरीवर आला. त्याच्यामागून मामांची मुलं, भूषण आणि मेघा, डोळे चोळत आली.

"कसली नळी?" भूषणने जांभई दिली.

"दुर्बिणीची! तिवई आहे, भिंगांचा डबा आहे, पण नळी गायब! काल इथेच कोपऱ्यात होती, गोधडीत गुंडाळलेली!"

मयुरी आणि तेजस कालच संध्याकाळी जळगावहून सुट्टीसाठी आले होते. कौतिकमामांचं गाव सोनगीरच्या किल्ल्याजवळ. दुर्बीण होती मयुरीच्या आकाशनिरीक्षण मंडळाची, आणि ती काही दुकानातून आणलेली नव्हती! मंडळातल्या मुलांनी वर्षभर दर रविवारी काचेवर काच घासून तिचा आरसा घडवला होता. त्या घासण्यात मयुरीच्या बोटांची सालं निघाली होती. मंडळाचे अभिमन सर दुर्बीण कपाटाबाहेर काढायला तयार नसत. मयुरीने त्यांचं डोकं खाऊन खाऊन ती मिळवली होती.

"ने बाई!" शेवटी सर म्हणाले होते. "गावातल्या लोकांना आकाश दाखव. धड परत आली, तर दर सुट्टीत एकेका गावाला पाठवू. पण तिचं काही बरंवाईट झालं, तर दुसरी दुर्बीणही कपाटातून हलणार नाही. तुझ्या शब्दावर देतोय."

आणि आज संध्याकाळीच मामांच्या खळ्यात कार्यक्रम होता! भूषणने गावाच्या ग्रुपवर निरोपसुद्धा टाकला होता. लोक येणार, मान वर करणार, आणि बघणार काय? तिवई?

"थांबा!" मेघा एकदम ओरडली. "चोर कोण ते मला माहीत आहे! तीन जण आहेत!"

"काय?"

"काल जेवणानंतर मी वर धाब्याच्या गच्चीवर पडले होते. खाली तानुअक्का शेजारच्या वच्छलाकाकूंना सांगत होती, 'तीन चोर डोकरीनी बाज लई चालनात वं माय! आते किल्लामांगे उतरतीन!'"

"मराठीत सांग ना!" तेजस वैतागला.

"अरे, तीन चोर म्हातारीची बाज, म्हणजे खाट, घेऊन चाललेत. आता किल्ल्यामागे उतरतील!"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. तानुअक्का म्हणजे मामांची आत्या. तिची खाट तर समोर अंगणात होती, आणि खाटेवर अक्काही होती, शेंगा फोडत! मग कुठल्या म्हातारीची खाट गेली? आणि खाट नेणाऱ्यांना दुर्बीण कशाला हवी? कशाचा कशाला मेळ नव्हता.

"अक्का, ते तीन चोर कुठे असतात?" भूषणने सहज विचारल्यासारखं केलं.

अक्का खुदकन हसली. "आते दिवसले कशा दखातीन त्या? दिवस बुडू दे."

"म्हणजे ते रोज येतात?" तेजसचे डोळे विस्फारले.

"ढग नही ऱ्हायनात का रोज! मी धाकली व्हती तवयपासून दखस त्यासले."

"मग पोलिसांना नाही सांगितलं?"

"पोलिस काय करतीन रे बाबा! कोनाच हाते लागाव नहीत त्या!" असं म्हणून अक्काने मूठभर शेंगदाणे तेजसच्या हातावर ठेवले.

तेजसने दाणे खाता खाता हिशोब मांडला. "अक्काच्या लहानपणापासून चोऱ्या करतायत? म्हणजे चोर आता ऐंशी वर्षांचे असतील!"

"आणि ढगाळ हवेत चोरी करत नाहीत," मेघा पुटपुटली. "सर्दी होत असेल."

मयुरीचं डोकं पार गरगरलं. पण रडत बसण्यापेक्षा धावणं बरं. "ऐंशी वर्षांचे असतील तर पळून पळून किती पळतील? काढा सायकली!"

किल्ल्यावर ऊन मी म्हणत होतं. घामाघूम होऊन चौघं वर पोहोचली, आणि भूषणने सगळ्यांना खाली दाबलं. पडक्या भिंतीच्या सावलीत माणसं होती. एक, दोन, तीन! आणि त्यांच्या पायाशी लांबलचक, गुंडाळलेली वस्तू!

"ऐंशीचे वाटत नाहीत," तेजस कुजबुजला.

"नातू असतील! घरचा धंदा!"

"हलू नका!" भूषण उडी मारून पुढे झाला. "आमची नळी द्या! गावाने किल्ल्याला वेढा घातलाय!"

तिघं दचकून उभे राहिले. त्यातल्या एकाच्या अंगात त्या मरणाच्या उकाड्यात जरीचा कोट होता. दुसऱ्याने घाबरून ती लांब वस्तू उघडली, तर फट्कन एक भलीमोठी चंदेरी छत्री उलगडली! तेवढ्यात भिंतीमागून शालू सावरत एक ताई बाहेर आली. "काय हो, झाला का तुमचा उजेड नीट? माझी पावडर वितळली!"

"आम्ही धुळ्याहून लग्नाआधीचे फोटो काढायला आलोय!" कोटवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. "वेढा कशाला? आम्ही कचरासुद्धा केला नाही!"

पोरांनी माफी मागितली, नवरानवरीला शुभेच्छा दिल्या आणि जी धूम ठोकली ती थेट गावाच्या वेशीपर्यंत.

आता मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले होते. सरांना काय सांगायचं? खाट चोरणाऱ्या म्हाताऱ्यांनी दुर्बीण नेली असं? मयुरीला नुसत्या विचारानेच गलबलून आलं.

शेजारच्या वच्छलाकाकू दारात वाळवण उलथत होत्या. भूषणने त्यांना विचारलं, "काकू, सकाळी आपला अंगणमा कोनी परका मानूस वना व्हता का?"

"परका कोनी नही. तुना बापच बठ्ठ्या नया ट्रॉलीमा भरीसन लई गया."

"नया?" तेजस गोंधळला. "मामांनी नवीन काय नेलं?"

"नवीन नाही रे येड्या!" भूषणला त्याही अवस्थेत हसू आलं. "अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला डोया, केळीला केयी, तशी नळीला नयी. बठ्ठ्या नया म्हणजे सगळ्या नळ्या! ठिबकच्या जुन्या नळ्या. बाबा आज शेतातून त्या भंगारवाल्याला..."

त्याचं वाक्य तिथेच अडकलं. सगळ्यांच्या नजरा मयुरीकडे वळल्या.

"मयुरी," भूषण हळूच म्हणाला, "काल एसटीतून उतरल्यावर ते गाठोडं बाबांच्या हातात देताना तू काय म्हणालीस?"

"'मामा, नळी आहे, नीट ठेवा,'" मयुरी म्हणाली आणि मटकन ओट्यावर बसली. "मंडळात आम्ही सगळे तिला नळीच म्हणतो!"

मामांच्या कानाला तेव्हा मोबाइल चिकटलेला होता. तसा तो झोपेतही चिकटलेला असतो! नळी म्हणताच त्यांनी ती ओसरीच्या कोपऱ्यातल्या नळ्यांजवळ नीट ठेवली, आणि सकाळी गड्यांना सांगितलं, सगळ्या नळ्या भरा. गोधडीत काय आहे हे बघायला फोन बाजूला ठेवावा लागला असता ना!

"भंगारवाला त्या नळ्यांचं काय करतो?" मयुरीने भूषणचा हात धरला.

"यंत्रात घालून चुरा."

सायकली कधी नव्हे इतक्या जोरात निघाल्या. शेतात पोहोचतात तो टेम्पो गच्च भरलेला, दोर आवळलेले, इंजिन सुरू! मामा बांधावर फोनवर बोलत होते.

"मामा, टेम्पो थांबवा! आमची दुर्बीण त्यात आहे!"

मामांनी एक हात हलवला. "हो हो, देतो, नंतर देतो!" आणि पुन्हा फोनमध्ये शिरले.

मयुरी टेम्पोवाल्याकडे धावली. "काका, दोर सोडा ना! आमची वस्तू चुकून आत गेलीय!"

"ए पोरी, सरक!" तो डाफरला. "दुर्बीण-बिर्बीण काही नही इथं. पुन्हा सगळं कोण भरणार? मला अजून दोन गावं करायची आहेत."

टेम्पो हलला. मयुरीला समोरचं दिसेना, डोळे भरून आले होते. तेवढ्यात तेजसने कानठळ्या बसतील अशी किंकाळी फोडली.

"साप! साप! नळ्यांत भला मोठा साप!"

उन्हाळ्यात नळ्यांच्या ढिगात साप निघतोच, हे खान्देशात कोणाला सांगावं लागत नाही. टेम्पो गचकन थांबला. टेम्पोवाला एका दाराने आणि त्याचा जोडीदार दुसऱ्या दाराने खाली! मघाशी न सुटणारे दोर आता फटाफट सुटले. काठीने ढोसत ढोसत सगळा माल जमिनीवर आला. सर्वांत तळाला होती ती फुलाफुलांची गोधडी.

"यात शे! यातच शे!" जोडीदाराने काठी उगारली.

"मारू नका!" मयुरीने गोधडीवर झेपच घेतली. "आत आमचा आरसा आहे!"

काठी हवेतच राहिली. बांधावर मामांचा फोन अखेर कानावरून खाली आला.

मयुरीने दोरी सोडली, झाकण काढलं आणि नळीत डोकावून पाहिलं. आरशात तिचाच रडवेला चेहरा भलामोठा दिसत होता. एक ओरखडा नव्हता!

"अन् साप?" टेम्पोवाला अजून दूरच उभा होता.

"गेला वाटतं," तेजस साळसूदपणे म्हणाला. "मामा, तुम्हाला रात्री दाखवतो."

अंधार पडला तसं खळं माणसांनी भरून गेलं. अर्ध्या चंद्रावरचे खड्डे पाहून शाळकरी पोरं नाचायला लागली. गुरूभोवतीचे चार चंद्र पाहून दोन आजोबा तिसऱ्यांदा रांगेत घुसले. तेजसने मामांना दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं. "हा बघा साप! वासुकी! इथून पार तिथपर्यंत ताऱ्यांचा. मी काय खोटं बोललो?" मामांनी त्याचा कान पिरगाळला खरा, पण हसू काही त्यांना आवरेना.

"पण मग ते तीन चोर कोण?" मेघाला चैन पडत नव्हतं.

"ह्या काय, वर!" तानुअक्काने उत्तरेकडे हात केला. "चार खाटना पाय, डोकरीनी बाज. अन् मांगे त्या तीन चोर."

चौघांनी वर पाहिलं, आणि भूषणने कपाळावर हात मारला. "सप्तर्षी! आपण दिवसभर ऋषींना शोधत होतो!"

मयुरीने नळी वळवली आणि मधल्या चोरावर रोखली. "या अक्का, बघा तुमचा चोर."

अक्काने डोळा लावला. मग एकदम ओरडली, "माय वं! मधला चोर एकला नही! त्यानी बायको संगे शे!"

खळ्यात हशा उसळला. "बरोबर, अक्का!" मयुरी आनंदाने उडालीच. "तो वसिष्ठ आणि ती अरुंधती!"

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. अभिमन सर! "काय मग, दुर्बीण कशी आहे?"

नुसतं 'छान' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सरांनी दुर्बीण तिच्या शब्दावर दिली होती. मयुरीने सगळं सांगितलं, नळीपासून भंगारापर्यंत. "भंगारात?" सर ओरडलेच. मामा पुढे आले. "सर, चूक माझी आहे. मी फोनवर होतो, पोरीचं ऐकलंच नाही. या पोरांनी डोकं चालवलं म्हणून वाचली."

मग अक्कानेच फोन ओढून घेतला. "मास्तर, पोरले बोलू नका. एवढं वय झायं मनं, त्या चोरले बायको शे, हाई माले कोनी सांगं नही. आज हाई पोरनी दखाडं!"

"अन् मास्तरले सांगा," मागून वच्छलाकाकू ओरडल्या, "मना माहेरले बी नयी लई चाला! शिरपूरकडे, डोंगरमा!"

फोन परत हातात आला, तेव्हा सर हसत होते.

"मयुरी, अजून किती जण रांगेत आहेत?"

"सर, रांग खळ्याबाहेर गेलीय."

"मग परत आणायची घाई करू नकोस. आधी त्या काकूंच्या माहेरी जाऊन ये. दुसरी दुर्बीणही मी कपाटातून काढतो, ती जामनेरला पाठवू."

मयुरीला रडू येत होतं आणि हसूही. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास गं पोरी!" मग स्वतःचा फोन बंद करून ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, कारण त्यांनी अजून चंद्र पाहिलाच नव्हता.