ऐकू आलं नव्हतं

तेव्हा मी चिचगडच्या पुढं एका उपकेंद्रात नर्स होते. दोन हजार सातचा सप्टेंबर. पाऊस उघडत नव्हता आणि गावोगावी तापाची साथ होती. दुपारी दीडच्या सुमारास केवळराम नावाचा माणूस सायकल ढकलत केंद्रावर आला. जंगलाच्या कडेच्या टोल्यावरचा, दहा-बारा घरांच्या वस्तीतला.

"मायले ताप हाये बाई," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघून त्यानं आवाज उतरवला. "आन्... मनातलं बोलून राहिली थे."

"कोणाच्या मनातलं?"

"माह्या."

तापात माणूस बरळतं, एवढंच मी म्हटलं. रक्त घ्यायच्या काचपट्ट्या, सुई, गोळ्या पिशवीत घातल्या आणि त्याच्या मागं निघाले. चिखलाच्या वाटेनं चालता चालता तो सांगू लागला.

"काल म्हने, आता सुटली तं बरं. माह्याच आवाजात म्हने. पन असं माह्या मनात कधी आलं नाही बाई." थोडं चालून तो थांबला. "आलं असतं तं मले मालूम नसतं का?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालत राहिले.

घरात भरदुपारी अंधार होता. ओल्या लाकडांचा धूर, घोंगडीचा कुबट वास. केवळरामची बायको प्रेमिला दारातच होती. तो सायकल टेकवायला वळला तसं तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"बाई, बुढीनं तीन दिसांपासून तोंड नाही उघडलं. हेच बोलतेत... तिच्या खाटेपाशी बसून, एकटेच."

नवरा थकला असेल, मी मनाशी म्हटलं. माणूस थकलं की असं होतं.

केवळरामची आई, जमुनाबाई, भिंतीकडं तोंड करून पडली होती. हात तापलेला आणि हलका. मी बोट पुसलं, सुई टोचली. ती हललीसुद्धा नाही. रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि दुसऱ्या काचेनं तो पसरवत होते, तेवढ्यात आवाज आला. तो म्हातारीचा नव्हता. शांत, घरात मी रोजचं बोलते तसा.

"आयकू आलं होतं."

"काय आजी?"

"'अल्का, अल्का' म्हनत होता. बोडीतून. मी भाताची पेज काढत राहिली..."

काच माझ्या हातातून निसटली.

आता तुम्हाला सांगावं लागेल. माझं नाव अल्का. माझा नवरा राजदीप त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या घरामागच्या बोडीत बुडून गेला. धानाला पाणी द्यायची बोडी, लहानसा तलावच. दिवेलागणीची वेळ, मुसळधार पाऊस, आणि तो पिऊन आलेला. प्यायल्यावर त्याचा हात चालायचा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मी चुलीपाशी होते. टिनावर पाऊस एवढा वाजत होता की काही ऐकू आलं नाही, असं मी पोलिसांना सांगितलं. सासूला सांगितलं. आणि ते खरंच होतं. दर रविवारी विहारात मी पंचशील म्हणायची, खोटं बोलण्यापासून दूर राहीन म्हणायची, आणि माझी जीभ एकदाही अडखळली नव्हती. खोटं असतं तर अडखळली नसती का?

"बाई..." प्रेमिला दारात उभी होती. पदर तोंडावर दाबलेला. "कोनासंग बोलून राहिल्या?"

मी वाकून जमुनाबाईचा चेहरा पाहिला. तिचे ओठ कोरडे पडून एकमेकांना चिकटले होते.

दुसरी काच घेतली, गोळ्या समजावून दिल्या, निघाले. केवळराम ओसरीवर बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

वाटभर मी ती संध्याकाळ आठवत होते. पातेलं, वाफ, कपड्यानं धरलेलं झाकण. आधी त्यात हाक नव्हती. मग अगदी अंधूक होती. तिसऱ्यांदा आठवलं तेव्हा ती स्पष्ट होती. हे मला आठवत होतं, की म्हातारीचे शब्द तिथं जाऊन बसले होते? माझंच मन, माझंच डोकं, आणि मला ते ओळखता येईना.

जमुनाबाई चार दिवसांनी गेली, ते नंतर कळलं. त्या दिवशी घरी जाताना मला एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, चुलीपाशी बोडीतलं ऐकू येत नाही.

घरी पोचले तेव्हा पाऊस टिनावर तसाच कोसळत होता. माझी मुलगी साक्षी नऊ वर्षांची. तिला चुलीपाशी बसवलं.

"इथंच बस. मी मागं जातो. काही आयकू आलं तं सांगशील."

"काऊन आई?"

"बस म्हटलं ना."

बोडीच्या काठावर उभी राहिले. पाणी काळं, त्यावर थेंबांचा सडा. बुडणारा माणूस किती जोरात ओरडत असेल, मला माहीत नव्हतं. माझ्या अंदाजानं मी हाक मारली. "साक्षी..." थांबले. पुन्हा मारली. मग तशीच उभी राहिले. कान देऊन. पावसाशिवाय काही नव्हतं.

भिजून आत आले. साक्षी होती तिथंच बसली होती, गुडघे पोटाशी धरून.

"आयकू आलं का?"

तिनं मान हलवली. हो.

मी चुलीपाशी खाली बसले.

"दोनदा तू बलावलं," ती म्हणाली. मग हळूच, "मंग बाबानं."

"...काय?"

"बाबानं माहं नाव नाही घेतलं आई. तुहं घेतलं. किती येळ घेत होता. तू काऊन ओ नाही देल्ली?"

तेवढा सगळा वेळ मी बोडीच्या काठावरच उभी होते. शपथ घेऊन सांगते, मला काहीच ऐकू आलं नव्हतं.